नवजात पिल्लांस ऊब आणि उजेड

गेल्या श्रावणात, गणेशोत्सवाच्या आधी चार-सहा दिवस, रत्नागिरी जिल्ह्यातील एका गावी कामानिमित्त जाण्याचा प्रसंग आला. गावच्या एका मावशींनी शंभर एकदिवसीय पिल्ले आणली होती. त्यांचे चिरंजीव मुंबईस लालबागला एका चाळीत राहतात. आईने फोनवरून दिवे मागविले, म्हणून त्यांनी लोहार चाळीच्या विद्युत सामानाच्या बाजारात जाऊन तीन चांगले दिवे घेतले आणि परळच्या आगारातून सुटणाऱ्या एस. टी. गाडीने गावाकडे येणाऱ्या शेजाऱ्याच्या हाती पाठवून दिले. दिवे लागले, खोली लख्ख उजळली. पाऊस मात्र रात्रभर कोसळत होता. सकाळी पाहतात तो कोपऱ्यात पिल्लांचा ढीग पडलेला. वरची तेवढी जिवंत होती, खालची गुदमरून आणि गारठून मेली होती. आम्ही पोहोचलो त्या दिवसापर्यंत शंभरांतील एकेचाळीस गेली होती.

मावशींचे म्हणणे एकच होते, "साहेब, दिवे तर रात्रभर जळत होते. एकही विझला नव्हता हो!"

ते खरेच होते. दिवे जळत होते. पण ते एल. ई. डी. दिवे होते आणि प्रत्येक दिवा केवळ ९ वॉटचा होता. वेष्टनावर ‘६० वॉटच्या दिव्याइतका’ असे छापलेले होते. त्याचा अर्थ ६० वॉटच्या जुन्या दिव्याइतका उजेड असा आहे, ६० वॉटइतकी ऊब असा नव्हे. विकणाऱ्याचा यात दोष नाही, घेणाऱ्याचाही नाही. कारण दिवा पिल्लांसाठी हवा आहे हे दुकानात कोणी सांगितले नव्हते आणि कोणी विचारलेही नव्हते. तथापि हीच चूक आता गावोगाव होऊ लागली आहे. म्हणून नवजात पिल्लांस ऊब किती लागते, ती कशी द्यावी आणि उजेडाचे काम कोणते, याचा येथे जरा सविस्तर विचार करावयाचा आहे.

खुडूक कोंबडीखाली पिल्ले निघतात तेव्हा हा प्रश्नच उद्भवत नाही. कोंबडीच्या अंगाची उष्णता सुमारे ४१ अंश सेल्सियस असते. पिल्ले चरावयास बाहेर पडतात, गारठली की आईच्या पंखाखाली शिरतात, ऊब मिळाली की पुन्हा बाहेर येतात. ऊब हवी केव्हा आणि नको केव्हा हे पिल्लू स्वतःच ठरविते, आणि आई त्याला दोन्हींची मोकळीक देते. आपल्या घरोघरच्या स्त्रिया पिढ्यान् पिढ्या अशीच पिल्ले वाढवीत आल्या. पण ऊब देण्याचे काम त्यांना कधी करावे लागले नाही, ते कोंबडीने केले. एक कोंबडी दहा-बारा पिल्ले नीट सांभाळते. शंभर पिल्ले म्हणजे आठ-दहा खुडूक कोंबड्यांचे काम. उबवणी यंत्रातून निघालेल्या पिल्लांच्या बाबतीत ते सगळे काम आपल्या अंगावर येते.

अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लाच्या अंगावर जी लव असते ती पिसे नव्हेत. तिने ऊब धरून ठेवली जात नाही, आणि ती ओली झाली तर मुळीच नाही. शिवाय स्वतःच्या अंगाची उष्णता कायम राखण्याची शक्ती पिल्लाला जन्मतः पुरती नसते; ती यावयास दहा-बारा दिवसांहून अधिक काळ लागतो. तोपर्यंत भोवतालची हवा गार झाली की पिल्लूही गार होते. गार पिल्लू खात नाही, पाणी पीत नाही, एका जागी बसून चिवचिवते. त्याच्या पोटात अंड्यातील बलकाचा जो अंश राहिलेला असतो त्यावर ते दोन-तीन दिवस तग धरते. याच शिदोरीच्या आधारे पुण्या-मुंबईहून पिल्लांची खोकी दूरदूरच्या गावी सुखरूप पोहोचतात. परंतु गारठलेल्या पिल्लाच्या पोटातील हा बलक नीट जिरत नाही, तो तसाच राहून कुजतो, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी पिल्लू पोट फुगून मरते. शेतकरी म्हणतो, रोग आला. वास्तविक त्या मरणाचे बीज पहिल्याच रात्रीच्या गारठ्यात पडलेले असते.

आता ऊब किती द्यावी? पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर, म्हणजे अंथरुणापासून सुमारे ५ सेंटिमीटरवर, ३५ अंश सेल्सियस उष्णता असावी. जुन्या मापाने सांगावयाचे तर ९५ अंश फॅरनहाइट. पुढे दर आठवड्यास ५ अंश फॅरनहाइट, म्हणजे पावणेतीन अंश सेल्सियसच्या सुमारास, कमी करीत जावे. दुसऱ्या आठवड्यात ३२, तिसऱ्यात २९, चौथ्यात २६ ते २७, असे उतरत उतरत २१ अंशांवर आले की कृत्रिम उबेची गरज संपली. हे आकडे पाठ करण्याचे कारण नाही. पहिला आकडा आणि उतरण्याचा वेग एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

साध्या तारेच्या दिव्यांनी ही ऊब द्यावयाची असल्यास दर पिल्लामागे दोन वॉट हा हिशेब थंडीत व पावसाळ्यात धरावा. उन्हाळ्यात एक वॉट पुरतो. शंभर पिल्लांस पावसाळ्यात ६० वॉटचे तीन दिवे, म्हणजे १८० वॉट, त्यात एखादा चौथा राखीव. दोनशे वॉटचा एकच मोठा दिवा लावू नये, कारण तो मध्यरात्री गेला की सगळेच गेले. तिहींतील एक गेला तर दोन उरतात. मावशींच्या खोलीत तीन एल. ई. डी. मिळून २७ वॉट होत होते. हव्या असलेल्या उबेच्या सातव्या हिश्श्याइतकीच ती झाली. २०१५ च्या जानेवारीत केंद्र शासनाने एल. ई. डी. दिव्यांचा प्रसार करण्याची जी योजना हाती घेतली, तिच्यामुळे घराघरांतील वीज वाचली ही गोष्ट चांगलीच झाली. पण जुन्या तारेच्या दिव्यात वीज बहुतांशी उष्णतेत जाते म्हणून तो घरात वाया घालविणारा, आणि पिल्लांच्या खोलीत नेमका त्याच कारणाने उपयोगाचा. घरी जो त्याचा दुर्गुण, तो येथे गुण ठरतो.

यावर विश्वास बसत नसेल त्याने स्वतः करून पाहावे. मुंबईस गेलो असता त्या चिरंजीवांच्या लालबागच्या खोलीतच आम्ही हा प्रयोग केला. चाळीतली खोली, दहा बाय बाराची. माळ्यावरची एक जुनी वेताची पाटी काढून पालथी घातली, तिच्या आत दिवा सोडला, आणि खाली जमिनीलगत तापमापक ठेवला. एल. ई. डी. लावून तासभर वाट पाहिली. पारा जवळजवळ होता तेथेच. मग तो काढून ६० वॉटचा तारेचा दिवा लावला, तर थोड्याच वेळात पारा डोळ्यांदेखत वर चढू लागला. शेजारची मंडळी दारात जमली होती. त्यांतील एक वयस्क गृहस्थ, पूर्वी गिरणीत साच्यावर काम केलेले, दिव्याजवळ हात नेऊन म्हणाले, "हा तर निखाराच की!" ग्रामसेवक बंधूंनी हे प्रात्यक्षिक गावात अवश्य दाखवावे. तापमापकास फार खर्च नाही आणि पाटी कोणाच्याही घरी सापडते.

साधे दिवे आता पूर्वीसारखे कोठेही मिळत नाहीत हे खरे. तालुक्याच्या गावी न मिळाल्यास मुंबईस असलेल्या नातलगांकडून लोहार चाळीतून मागवावेत. मात्र मागविताना ‘तारेचा दिवा, ६० वॉट’ असे स्पष्ट लिहून द्यावे. नुसते ‘साठचा बल्ब’ म्हटले की काय येते ते वर सांगितलेच आहे. याच बाजारात २५० वॉटचे अवरक्त किरणांचे तांबडे दिवेही मिळतात. असा एक दिवा शंभर-सव्वाशे पिल्लांस पुरतो. तो अंथरुणापासून ४५ ते ६० सेंटिमीटर उंचीवर टांगतात आणि ऊब कमी-अधिक करावयाची झाल्यास तो खाली-वर करतात. तो नेहमी साखळीने टांगावा, विजेच्या तारेवर त्याचा भार देऊ नये. तापलेल्या काचेवर पाण्याचा थेंब उडाला तर काच तडकते, म्हणून पाण्याची भांडी त्याच्या बरोबर खाली ठेवू नयेत.

ऊब एका जागी धरून ठेवण्यासाठी दिव्यांवर छत्री हवी. शंभर पिल्लांना पाऊण मीटर व्यासाची छत्री पुरते. पत्र्याची असल्यास उत्तम. लोहाराकडून जुन्या पत्र्याची करून घेता येते. बांबूचे डालगे पालथे घालून वापरणारे पुष्कळ आहेत आणि त्यात गैर काही नाही, पण दिवा कोणत्याही काडीपासून वीतभर तरी दूर राहिला पाहिजे आणि डालग्याच्या आतून माथ्याला पत्र्याचा तुकडा बसविला पाहिजे. कोरडा बांबू, खाली तूस आणि मध्ये तापलेला दिवा. निष्काळजीपणा झाला तर पिल्लांबरोबर घरही जाईल. डालगे जमिनीला टेकवू नये. विटांवर ठेवून खाली पिल्लांना ये-जा करण्यापुरती, १० ते १५ सेंटिमीटर, मोकळी जागा सोडावी. कोंबडीच्या पंखाखालून पिल्लू जसे हवे तेव्हा बाहेर येते, तसे येथूनही त्याला येता आले पाहिजे.

छत्रीच्या भोवती, तिच्या कडेपासून ६० ते ७५ सेंटिमीटर अंतर सोडून, ४५ सेंटिमीटर उंचीचे गोल कडे उभे करावे. पत्रा, पुठ्ठा, जुनी चटई, काहीही चालेल. शंभर पिल्लांस सुमारे वीस फूट लांबीची पट्टी लागते. हे कडे गोलच हवे. खोलीला कोपरे असतात आणि घाबरलेली किंवा गारठलेली पिल्ले कोपऱ्यात दाटी करून एकमेकांवर चढतात. मावशींकडे कडे नव्हते. असते तर गारठ्यानेही इतकी हानी झाली नसती. तिसऱ्या दिवसापासून कडे थोडे थोडे सैल करीत जावे आणि आठ-दहा दिवसांनी काढून टाकावे.

अंथरूण कोकणात भाताच्या तुसाचे, देशावर भुईमुगाच्या टरफलांचे किंवा लाकडाच्या कपच्यांचे करावे. ५ ते ७ सेंटिमीटर जाडीचे पुरे. बारीक भुसा टाकू नये, पिल्ले तो दाणा समजून खातात. पहिले दोन-तीन दिवस वर कागद अंथरण्याची चाल आहे, ती चांगली. फक्त गुळगुळीत कागद नको, त्यावर पाय घसरून पिल्ले फेंगडी होतात. कागद रोज बदलावा. पिल्ले येण्यापूर्वी चोवीस तास दिवे लावून ठेवावेत, म्हणजे हवा आणि अंथरूण दोन्ही तापतात. ही सूचना सर्वांना माहीत असते आणि जवळजवळ कोणी पाळत नाही. वीज फुकट का जाळावी, असे वाटते. पण थंड तुसावर ठेवलेल्या पिल्लाची ऊब पायांवाटे जाते आणि दिव्याची वरून येणारी ऊब ती भरून काढू शकत नाही. एका दिवसाची वीज सव्वाचार युनिटांच्या आसपास होते, एवढाच तो खर्च.

तापमापक टांगावा, परंतु त्याहूनही भरवशाचा तापमापक पिल्लेच होत. रात्री नऊनंतर, सगळे शांत झाल्यावर, पावलांचा आवाज न करता दाराशी उभे राहून पाहावे. पिल्ले छत्रीखाली दाटीवाटीने एकमेकांवर रेलून कर्कश चिवचिवत असतील तर ऊब कमी आहे. छत्रीपासून दूर कड्याला लागून, पंख पसरून, चोची उघड्या ठेवून धापा टाकीत असतील तर ऊब जास्त आहे. सगळी एका बाजूस सरकलेली दिसली तर ऊब बरोबर असली तरी दुसऱ्या बाजूने वाऱ्याची झुळूक येत आहे. दार, खिडकी, भिंतीची फट शोधून बंद करावी. आणि कडेभर सारखी पांगलेली, काही खाताहेत, काही पाय ताणून निजली आहेत, मधूनच एखादे हळू आवाजात बोलते आहे असे दिसले, तर आपणही जाऊन निजावे. ही पाहणी जो रोज रात्री करील त्याला या लेखाची फारशी गरज राहणार नाही.

गारठ्याइतकीच अतिउष्णताही घातक असते, हे कोकणात व मुंबईच्या आसपास विशेष सांगावे लागते. मे महिन्यात दुपारची हवाच ३३-३४ अंशांवर असते आणि दमटपणा वेगळाच. अशा वेळी शंभर पिल्लांवर तीन दिवे दिवसभर जळत ठेवणारेही पाहिले आहेत. तापलेल्या पिल्लांचे अंग सुकते, ती खात नाहीत, विष्ठा चिकट होऊन गुदद्वारास लागते आणि तेथेच वाळून बसते. मेमध्ये दुपारी दिवे बंद करावेत किंवा एकच ठेवावा, सायंकाळी पुन्हा लावावेत. उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांत उबेचे काम संपते. थंडीत आणि घाटमाथ्यावर चार-पाच आठवडे लागतात.

पावसाळ्याचे दुखणे निराळेच आहे. पाऊस आत येऊ नये म्हणून गोणपाटे चारी बाजूंनी इतकी घट्ट बांधतात की हवा कोंडते, तूस ओलसर होतो, त्यातून उग्र वास सुटतो, डोळे चुरचुरू लागतात. आपले डोळे चुरचुरत असतील तर जमिनीपासून बोटभर उंचीवर असलेल्या पिल्लांचे काय होत असेल? ओल्या तुसात रक्ती हगवणीचा रोगही बळावतो. गोणपाट खालून वर बांधावे आणि माथ्याशी वीतभर जागा उघडी ठेवावी. वारा पिल्लांच्या अंगावर न येता दूषित हवा वरून निघून जाते. भिजलेला तूस रोज उचलून कोरडा टाकावा. पाण्याच्या भांड्याभोवतीचा तर दिवसातून दोनदा.

विजेचा भरवसा हा यापुढचा प्रश्न. लालबाग-परळ किंवा गिरगावात राहणाऱ्याला वीज जाणे म्हणजे काय हे वर्षानुवर्षे जाणवत नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी सगळ्या मुंबईची वीज गेली, लोकल गाड्या जागच्या जागी थांबल्या, तेव्हा त्या एका दिवसाची केवढी चर्चा झाली! आमच्या गावांत आषाढ-श्रावणात झाड तारेवर पडले की रात्रच्या रात्र अंधारात जाते आणि त्याची बातमी होत नाही. पिल्ले आणणाऱ्याने वीज जाणारच असे धरून तयारी करावी.

सर्वांत सोपा उपाय पिल्लांच्याच अंगच्या उबेचा आहे. पंचवीस-पंचवीस पिल्ले मावतील अशी पुठ्ठ्याची खोकी, बोट जाईल एवढी भोके पाडून, आधीच तयार ठेवावीत. पिल्ले ज्या खोक्यांतून आली तीच जपून ठेवली तरी चालते. त्यांत पंचविसांचे चार कप्पे असतात ते याच हेतूने. वीज गेली की तळाशी कोरडा तूस घालून पिल्ले त्यांत भरावीत, वरून गोणपाट पातळ टाकावे. पंचवीस पिल्ले एकत्र बसली की एकमेकांस ऊब देतात. मात्र दर अर्ध्या तासाने हात घालून पाहावे, कारण येथे गुदमरण्याचाही धोका असतो. उकळते पाणी बाटल्यांत किंवा मडक्यात भरून, बूच घट्ट लावून, गोणपाटात गुंडाळून कड्याच्या आत ठेवण्याची युक्तीही उत्तम. पाणी दोन-तीन तासांनी बदलावे लागते, एवढाच त्रास.

पूर्वी या कामास रॉकेलचा कंदील वापरीत. पत्र्याच्या डब्यात वाळू घालून तीत कंदील ठेवावयाचा आणि वर डालगे, ही पद्धत विस्तार कार्याच्या आरंभीच्या काळात खेडोपाडी शिकविली जात असे. रॉकेल आता सहज मिळत नाही, म्हणून लोक कोळशाच्या शेगडीकडे वळतात. शेगडी पत्र्याच्या सच्छिद्र पिंपात ठेवून वापरण्यास हरकत नाही; पण कोळसा धूर देत नाही म्हणजे तो निरुपद्रवी आहे असे समजू नये. निखाऱ्यातून निघणाऱ्या विषारी वायूस ना रंग असतो ना वास. कोंडलेल्या खोलीत तो पिल्लांना मारतो आणि त्यांच्यापाशी निजलेल्या माणसालाही. शेगडी असेल तेथे वरची हवा खेळती पाहिजे आणि त्या खोलीत कोणी निजू नये.

उजेडाचे काम उबेहून वेगळे, आणि दोन्ही एकाच दिव्यातून मिळत असल्याने त्यांची गल्लत होते. पहिले दोन-तीन दिवस चोवीस तास चांगला उजेड हवा, तो पिल्लांना दाणा-पाणी दिसावे म्हणून. कोंबडी चोच मारून दाखविते, पिल्लू तिचे पाहून शिकते. येथे दाखविणारे कोणी नाही. आल्याबरोबर प्रथम पाणी द्यावे, थोडा गूळ घातलेले, कोमट. चार-दोन पिल्लांच्या चोची हलकेच पाण्यात बुडवून द्याव्यात, बाकीची त्यांचे पाहतात. तास-दोन तासांनी मक्याचा बारीक भरडा कागदावर पसरावा, आणि दुसऱ्या दिवसापासून पिल्लांचे तयार खाद्य द्यावे. पाणी उथळ हवे. खोल भांड्यात भिजलेले पिल्लू बुडाले नाही तरी गारठून मरते. भांड्यात गोटे घालून ठेवावेत.

तिसऱ्या दिवसानंतर उजेडाची रात्रभर गरज नाही. उलट रोज अर्धा-एक तास दिवे विझवून पिल्लांना अंधाराची सवय करावी, नाहीतर पहिल्यांदा वीज गेली की ती बावरून एकमेकांवर पडतात. पुढे पुढे ऊब हवी आणि उजेड नको अशी स्थिती येते. तांबडा दिवा तेव्हा सोयीचा. आणि ऊब नको पण पाणी दिसण्यापुरता उजेड हवा असेल तेथे एल. ई. डी.च लावावा, त्याची ती खरी जागा.

अंड्यांसाठी तलंगा वाढवावयाच्या असतील तर आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. वाढत्या दिवसमानाने कोंबडीची अंडी देण्याची इंद्रिये लवकर जागी होतात. मुंबईच्या अक्षांशावर सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तासांचा आणि सर्वांत मोठा सव्वातेरा तासांचा असतो. जानेवारीत आणलेली पिल्ले वाढत्या दिवसांत वाढतात, त्यात रात्रीच्या दिव्याची भर पडली तर तलंगा अंग भरण्यापूर्वीच अंड्यावर येतात. अंडी लहान पडतात आणि कधी अंग बाहेर येऊन पक्षी मरतो. म्हणून वाढीच्या काळात उजेड वाढवू नये आणि अंड्यावर आल्यावर तो कमी करू नये. परसातील पाच-पंचवीस कोंबड्यांना याचा फारसा उपद्रव होत नाही, हेही खरे.

विजेचा हिशेब पुष्कळ जण विचारतात. पावसाळ्यात शंभर पिल्लांस पहिला आठवडा तीन दिवे अहोरात्र धरले तर तीस युनिटे. दुसऱ्या आठवड्यात तेच दिवे रात्रीचे चौदा तास, अठरा युनिटांपेक्षा थोडी कमी. तिसऱ्यात दोन दिवे रात्रीचे बारा तास, दहा युनिटे. सगळी मिळून साठांच्या आत. पहिल्या रात्री मेलेल्या पिल्लांची किंमत याच्या शेजारी मांडून पाहावी.

गिरगावातील एका परिचितांनी एकदा विचारले की त्यांच्या लहानपणी क्रॉफर्ड मार्केटजवळ रंगविलेली पिल्ले विकत मिळत, मुले हट्टाने एखादे घरी आणीत, आणि ते तिसऱ्या दिवशी हमखास मरे, ते का? कोणी म्हणे रंगाचे विष, कोणी म्हणे मांजराची धास्ती. बहुधा ते गारठ्याने मरे. एकट्या पिल्लाला दुसऱ्याच्या अंगाचा आधार नाही, बुटाच्या खोक्यात ठेवलेले, रात्री पंखा सुरू. मुंबईची रात्र आपल्याला गरम वाटते. पण पंचवीस-सव्वीस अंशांची हवा पहिल्या आठवड्यातील पिल्लाला थंडच असते. ‘आपल्याकडे कुठे थंडी आहे?’ हा प्रश्न कोकणात सर्रास ऐकू येतो, त्याचे उत्तर हेच.

रोग, लस आणि औषधांविषयी येथे लिहीत नाही. तो विषय पशुवैद्यकांचा. परळला १८८६ साली स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि जागोजागचे पशुवैद्यकीय दवाखाने त्यासाठी आहेत. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात केंद्र शासनाने मुंबईजवळ आरे वसाहतीत प्रादेशिक कुक्कुट प्रक्षेत्र उभारले, तेव्हापासून सुधारित पिल्लांचा प्रसार या बाजूस होत आला आहे. पिल्ले मरत असतील तर दोन-तीन ताजी मेलेली पिल्ले दवाखान्यात नेऊन दाखवावीत, अंदाजाने औषध पाजू नये. मात्र दवाखान्यात जाण्यापूर्वी आदल्या रात्री पिल्ले कशी बसली होती हे नीट आठवावे, कारण पशुवैद्यक पहिला प्रश्न तोच विचारतील.

मावशींनी मार्गशीर्षात पुन्हा शंभर पिल्ले आणली. या खेपेस चिरंजीव स्वतः दोन दिवस रजा काढून आले, तारेचे चार दिवे आणि एक तापमापक घेऊन. पत्र्याची छत्री गावच्या लोहाराने केली, कडे जुन्या चटईचे. सहाव्या रात्री अडीच वाजता वीज गेली, ती सकाळी सात वाजता आली. मावशी आणि सूनबाई दोघींनी पिल्ले खोक्यांत भरली, चुलीवर पाणी तापवून बाटल्या फिरविल्या आणि पाळीपाळीने जागल्या. त्या रात्री दोन पिल्ले गेली. महिनाअखेरीस पाहिले तेव्हा त्र्याण्णव होती. दिवे काढून ठेवले होते आणि चौथा दिवा, जो राखीव म्हणून आणला होता, तो अजून वेष्टनातच होता.